आमचे नाक आणि सहा पेले

बिअर ह्या विषयावर आम्ही निबंध लिहावयास बसलो आहोत हे कळताच कित्येक वाचक नाक मुरडतील, याची आम्हांस पूर्ण कल्पना आहे. त्यांनी ते अवश्य मुरडावे. मुरडण्यापुरते का होईना, त्यांच्यापाशी कामाचे नाक आहे, आणि ही गोष्ट वाटते तितकी लहान नाही. आमच्यापाशी ते चार वर्षे नव्हते. ते नसताना आम्ही ते आहे असे भासवीत होतो, आणि ते भासविण्याचे सोंग एका शनिवार-रविवारी कसे उघडे पडले, एवढेच आज सांगावयाचे आहे. बिअर केवळ निमित्ताला.

बेंगळुरू शहरी राहावयास येऊन आम्हांस बरीच वर्षे झाली. ह्या शहराचे आणि बिअरचे नाते जुने. येथील ब्रुअऱ्यांच्या प्रसिद्ध उद्योगसमूहाची स्थापना 1915 सालची. लष्करी छावणीतल्या गोऱ्या शिपायांची तहान हा त्या काळी ह्या धंद्याचा मोठा आधार होता. पुढे 2010 नंतर येथे गल्लोगल्ली मायक्रोब्रुअऱ्या निघाल्या. तांब्याच्या नाहीतर पोलादाच्या टाक्या काचेआड झळकत आहेत, आणि त्यांच्याच पुढ्यात बसून मंडळी ताजी बिअर पीत आहेत, हे दृश्य येथे नित्याचे झाले. बृहन्महाराष्ट्रातल्या माणसाला उगाच मागे पडल्यासारखे वाटू नये म्हणून हेही सांगून ठेवतो की 2009 साली पुण्यातही अशी एक मायक्रोब्रुअरी निघाली होती आणि तिचे नाव डूलाली. हा शब्द मूळचा आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा. तेथील छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहून पाहून गोरे शिपाई भ्रमिष्ट होत, म्हणून इंग्रजीत वेड्या माणसाला ह्या गावाचे नाव चिकटले. देवळाली शब्द विलायतेला गेला आणि वेडा होऊन परत आला तो बिअरच्या दुकानावरच.

वरच्या परिच्छेदात आम्ही जे केले तेच आम्ही चार वर्षे करीत होतो, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. पेला हाती आला की त्याचा इतिहास सांगावयाचा. बव्हेरियात 1516 साली जव, हॉप आणि पाणी ह्यांखेरीज बिअरमध्ये काही घालू नये असा हुकूम निघाला, आणि त्या हुकमात यीस्टचा उल्लेखच नाही, कारण फेस आणणारा तो जीव कोणाला ठाऊकच नव्हता. पाश्चरने 1876 साली बिअरवर ग्रंथ लिहिला. कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत हान्सेन ह्या शास्त्रज्ञाने 1883 साली यीस्टची शुद्ध जात वेगळी काढली. हे सारे आम्ही पेल्यागणिक सांगत असू. ऐकणाऱ्यास वाटावे, केवढा हा रसिक! वस्तुतः ज्याला पेल्यात काही सापडत नाही तो पुस्तकात शोधतो, एवढाच त्याचा अर्थ होता.

आमचे तिघांचे एक मंडळ होते. एक आमचे बँकवाले स्नेही, मूळचे साताऱ्याचे. दुसरे आमचे शेजारी, हुबळीचे, मराठी उत्तम बोलणारे परंतु मुळात अल्पभाषी. आणि तिसरे आम्ही. महिन्यातून एका शनिवारी नव्या चार-सहा बाटल्या आणावयाच्या, थोडथोडी चव घ्यावयाची आणि गुण द्यावयाचे, असा आमचा परिपाठ. गुणपत्रिका आम्ही उचलली होती ती बिअर-परीक्षकांच्या एका अमेरिकन संस्थेची; ही संस्था 1985 साली निघाली. तिच्या पत्रिकेत एकूण 50 गुण: गंधाला 12, दर्शनाला 3, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5 आणि एकंदर परिणामाला 10. मास्तरकीत जन्म घालविलेल्या आमच्यासारख्याला असली विभागणी पाहून जे सुख होते ते दुसऱ्या कशाने होत नाही. मंडळात आमच्या नाकाची ख्याती होती. ‘ह्यांना विचारा, ह्यांचे नाक तिखट आहे,’ असे बँकवाले नव्या माणसाला सांगत.

आणि एके काळी ते खरेही होते. 2021 सालच्या मे महिन्यात, साथीच्या दुसऱ्या लाटेत, आम्हांस ताप आला. पाचव्या दिवशी सौभाग्यवतींनी आल्याचा चहा आणून दिला. तो गरम होता आणि गोड होता, आणि याहून अधिक काही नव्हता. ह्या विषाणूचा घाला वास जाणणाऱ्या मज्जापेशींवर सहसा थेट पडत नाही, त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर पडतो, असे पुढे आमच्या वाचनात आले. मालक धडधाकट असताना चाकर आजारी पडावेत आणि घर बंद व्हावे, तसला तो प्रकार. त्या दिवसांत ज्यांची माणसे गेली त्यांच्यापुढे आमच्या नाकाचे रडगाणे गाण्याची आम्हांस लाज वाटे. आप्तेष्ट फोनवर विचारीत, ‘वास आला का?’ रोज नकार देण्याचा कंटाळा आला. तीन महिन्यांनी, असल्या चौकशांतून सुटका व्हावी म्हणून, ‘आला, आला’ असे आम्हीच जाहीर करून टाकले. घरात आनंद झाला. सौभाग्यवतींनी त्या दिवशी मुद्दाम केशरी भात केला. आम्ही तो डोळे मिटून, मान डोलावून खाल्ला. खोट्याचा पहिला घास तो.

एकदा ‘आला’ म्हटल्यावर ‘गेला’ कसे म्हणावयाचे? आम्ही गुपचूप उपाय चालविले. जर्मनीत ड्रेस्डेन येथे हुमेल नावाच्या वैद्याने 2009 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास सकाळ-संध्याकाळ बारा आठवडे नेमाने हुंगावेत, म्हणजे गेलेली शक्ती काहींच्या बाबतीत थोडीबहुत परतते. आम्ही चार अर्कांच्या कुप्या आणल्या, त्या न्हाणीघरातल्या फळीवर दाढीच्या सामानामागे लपविल्या आणि संध्या करावी तशा निष्ठेने दोन्ही वेळा हुंगू लागलो. बारा आठवड्यांची बारा महिने झाली आणि पुढे तर हिशेबच राहिला नाही. निलगिरी नाकाला झोंबे, पण झोंबणे म्हणजे वास नव्हे. ती संवेदना वेगळ्या मज्जातंतूची. बाकी तिन्ही कुप्यांत पाणी असते तरी आम्हांस फरक कळला नसता.

मंडळात मात्र निभावून गेले. कसे, ते सांगतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढेच कळते; बाकी जिला आपण चव म्हणतो ती घशामागून नाकात चढणाऱ्या वासाची करणी. तेव्हा कडूपणा, गोडी, फेसाचा चुरचुरीतपणा, मद्यार्काची ऊब, हे आम्हांस कळे. रंग दिसे. बाटलीवरची चिठ्ठी वाचता येई. गव्हाची बिअर म्हटली की ‘केळे, लवंग’ लिहावे. काळीभोर स्टाउट म्हटली की ‘भाजलेली कॉफी, कडू चॉकलेट’ लिहावे. इंडिया पेल एल असेल तर ‘संत्र्याची साल, राळ’. शिवाय बँकवाले पेला नाकाशी नेताच काहीतरी उद्गार काढीत. तो पकडावा आणि त्याला दोन विशेषणे जोडून द्यावीत. आमचे गुण इतरांच्या गुणांशी इतके जुळत की आम्हांलाच अधूनमधून वाटे, नाक खरोखरच परत तर आले नाही ना? मराठीत ज्याला नाकाने कांदे सोलणे म्हणतात ते आम्ही नाक नसताना करीत होतो.

अशी चार वर्षे गेल्यावर गेल्या हिवाळ्यात बँकवाल्यांची कन्या घरी आली. ती खाद्यतंत्रज्ञान शिकलेली. आमच्या गुणपत्रिकांची फाईल तिने चाळली आणि म्हणाली, “काका, तुमचे तिघांचे गुण फारच जुळतात हो. बाटल्या उघड्यावर ठेवून, एकमेकांशी बोलत बोलत देता ना? मग ही परीक्षा नव्हे, ही भजनी मंडळी झाली.” मग तिने फ्रान्समधला एक प्रयोग सांगितला. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात बोर्दो येथील 54 विद्यार्थ्यांना पांढरी द्राक्षमदिराच वास नसलेल्या रंगाने तांबडी करून दिली, तर त्यांनी तिचे वर्णन तांबड्या मदिरेला लावतात त्या शब्दांत केले. डोळा नाकाला काय वाटेल ते पढवितो. तिने फर्मान काढले: येत्या शनिवारी तीन आणि रविवारी तीन, अशा सहा बिअर ती स्वतः आणणार, बाटल्या कोणी पाहावयाच्या नाहीत, बोलावयाचे नाही, गुणपत्रिका घडी करून तिच्या हवाली करावयाच्या आणि त्या उघडावयाच्या रविवारी रात्री. आणि रंग दिसू नये म्हणून बिअर काचेच्या पेल्यात न देता फिल्टर कॉफीच्या स्टीलच्या टंबलरमध्ये, मंद दिव्यात. दर्शनाचे 3 गुण अर्थातच बाद. परीक्षा 47 गुणांची.

आमच्या पोटात गोळा आला. पण नको म्हणावयास कारण काय सांगणार?

शनिवारी संध्याकाळी आमच्या मल्लेश्वरातल्या घराच्या गच्चीवर बैठक मांडली. घरात नको, अशी आमच्या सासूबाईंची पहिल्यापासूनची अट. त्या आमच्याकडेच असतात, वय ब्याऐंशी. मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा 1949 सालचा. त्यांचे बालपण त्याच्या छायेत गेले, आणि बाटली म्हणजे पोलीस, हे समीकरण त्यांच्या मनातून गेलेले नाही. तरी कन्येशी त्यांचे छान जमले. बिअर कशाची करतात, असे त्यांनी विचारले. जव भिजवून मोड आणतात, मोड येताच वाळवून भाजतात, मोड आल्याने धान्यातच एक पाचक द्रव्य उत्पन्न होऊन पिठूळपणाची साखर होते, मग गरम पाण्यात ती उतरवून घेऊन हॉपच्या फुलांसह उकळतात आणि निवल्यावर यीस्ट घालून आंबवितात, असे तिने सांगितले. सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे नाचणीचं सत्त्वच की. मोड आणायचे, सावलीत वाळवायचे, भाजून दळायचं. लहान पोरांना देतो ते. ह्यांनी त्याला आंबवून वाया घालवलं, एवढंच.” मॉल्ट ह्या पदार्थाची याहून सुटसुटीत व्याख्या आमच्या कोणत्याही पुस्तकात नव्हती.

पहिला टंबलर आला. प्रत्येकी जेमतेम अर्धा पेला. मधे तोंड स्वच्छ करण्यास पाणी आणि बिनमिठाचा पाव. आम्ही हुंगले. स्टीलच्या गारव्याखेरीज काही नव्हते. जिभेवर हलका कडूपणा, बऱ्यापैकी फेस, स्वच्छ शेवट. साधी लागर असावी, असा तर्क केला आणि लिहिले: ‘ताज्या गवताचा, किंचित मधाचा गंध. निर्दोष.’ 47 पैकी 39. शेजाऱ्यांकडे चोरून पाहिले; ते कपाळाला आठ्या घालून लिहीत होते. दुसऱ्या टंबलरात घसा तापविणारा मद्यार्क आणि चिकट गोडी. ही बाजारातली स्ट्राँग बिअर, यात शंका नाही. येथे आमची जीभ कामी आली. तिसरा टंबलर आंबूस, हलका, मलईसारखा. आम्ही ‘अननस’ असे लिहिले. का लिहिले ते देव जाणे. आंबूस म्हणजे काहीतरी फळ, आणि फळांत अननस आम्हांस आवडे, हेच कारण असावे.

रात्री झोप येईना. रविवारी रात्री घड्या उघडणार. 39 हा आकडा डोळ्यांपुढे नाचू लागला. दीडच्या सुमारास आम्ही उठलो. वाचकहो, लिहावयास लाज वाटते, पण आम्ही स्वयंपाकघरात कचऱ्याच्या टोपलीत रिकाम्या बाटल्या सापडतात का हे पाहावयास गेलो होतो. उभी हयात परीक्षेच्या दालनात कॉप्या पकडणारे आम्ही, साठी उलटल्यावर कॉपी करावयास निघालो होतो. टोपलीत बाटल्या नव्हत्या. कन्या हुशार होती, त्या घेऊन गेली होती. आम्ही वाकून टोपली चाळवीत आहो तोच मागून आवाज आला, “जावईबापू, काय हरवलं?”

सासूबाई पाणी प्यावयास उठल्या होत्या. आम्ही काहीतरी पुटपुटलो. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “तुम्हाला वास येत नाही, हे मला ठाऊक आहे.”

आम्ही उभेच राहिलो.

“तुमचा वास परत आला, असं तुम्ही सांगितलंत ना, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात दूध लागलं. तुम्ही ओट्यापाशी पेपर वाचत उभे. घरभर करपट वास, आणि तुम्ही पान उलटलंत. मग मी बघायला लागले. उदबत्ती कुठली लावली हे तुम्ही कधी बोलत नाही. शिळी भाजी वाढली तरी खाता. एकदा गॅसचं बटण अर्धवट राहिलं होतं, तेव्हा मीच येऊन बंद केलं. त्या दिवसापासून तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर पडलात की मी एक फेरी मारते.”

चार वर्षे! ब्याऐंशी वर्षांची बाई चार वर्षे आमच्या मागून फेरी मारीत होती, आणि आम्ही तिला रिकामी हिंडायची सवय आहे असे समजत होतो.

“मग बोलला का नाहीत?” आम्ही विचारले.

“तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणजे तुम्हाला सांगायचं नव्हतं. माणसाची एखादी वस्तू गेली की तो जरा वेळ ती आहे असंच धरून चालतो. हे गेले तेव्हा मी सहा महिने दोन कप चहा टाकत होते. पण जावईबापू, चहा वाया गेला तर जातो. गॅसचं तसं नाही. मी काही जन्मभर पुरणार नाही तुम्हाला.”

त्या उठून गेल्या. आम्ही पहाटेपर्यंत तेथेच बसलो होतो. आमचे खोटे निरुपद्रवी आहे, फार तर काही बाटल्यांना चुकीचे गुण मिळतात, असा आमचा समज होता. ते खोटे रोज कोणीतरी आपल्या म्हाताऱ्या पायांनी भरून काढीत होते, हे आम्हांस त्या रात्री कळले.

रविवारी संध्याकाळी आम्ही पुन्हा गच्चीवर बसलो. चौथा टंबलर आला. आम्ही गुणपत्रिका घेतली आणि गंधाच्या चौकटीत लिहिले: ‘येत नाही. 2021 पासून येत नाही.’ लिहिल्यावर हात हलका झाला. मग मात्र आम्ही ती बिअर प्यालो ती चार वर्षांत प्रथमच नीट लक्ष देऊन. गवत, मध, राळ हे काही शोधावयाचे नसल्यामुळे जे होते ते सापडले. कडूपणा दमदार होता. तो जिभेच्या मुळाशी चढला आणि गिळल्यावरही बराच वेळ रेंगाळला. हीच ती इंडिया पेल एल असणार: लंडनच्या हॉजसनने आणि त्यामागून बर्टनच्या ब्रुअरांनी जी भरपूर हॉप घालून हिंदुस्थानात पाठविली त्या बिअरची नात. पण हा इतिहास आम्ही मनातच ठेवला. पाचवी जड, गुळगुळीत, कोळशासारखी कडसर. दोघींना जिभेपुरते गुण दिले आणि गंधाची चौकट कोरी सोडली.

सहावा टंबलर नाकाशी नेला तो केवळ सवयीने. आणि कोठेतरी काहीतरी झाले. वास आला, असे म्हणण्याचे धाडस होत नाही. बंद खोलीच्या दारामागून कोणी बोलावे, शब्द कळू नयेत पण आवाज ओळखीचा वाटावा, तसे काहीसे. आम्ही टंबलर खाली ठेवला, पुन्हा उचलला. काही नाही. तिसऱ्यांदा उचलला. पुन्हा तेच, क्षणभर: न्हाणीघरातली तिसरी कुपी. लवंग.

आमच्या मनात पहिला संशय आमच्याविषयीच आला. चार वर्षे आम्ही जगाला फसविले. आता नाकच आम्हांस फसवीत नसेल कशावरून? पण आज बाटली पाहिलेली नव्हती, रंग दिसत नव्हता, बँकवाले तोंड मिटून बसले होते. ही लवंग आमच्या वाचनातली म्हणावी, तर वाचन जागे होण्यास कसलीही खूण मिळालेली नव्हती. कन्येचे जे फर्मान शनिवारी फाशीचा दोर वाटले होते तेच आता आमच्या बाजूचा एकमेव साक्षीदार झाले. आम्ही लिहिले: ‘लवंग असावी. खात्री नाही. 12 पैकी 1.’

जेवणानंतर घड्या उघडल्या. पहिल्या बिअरला शेजाऱ्यांनी 47 पैकी 17, कन्येने 15, आणि आम्ही 39. कन्या म्हणाली की त्या लागरमध्ये मोठा दोष होता: आंबताना डायअसेटिल नावाचे द्रव्य तयार होते, यीस्टला पुरेसा अवधी दिला तर ते स्वतःच ते शोषून घेते, घाई केली तर ते मागे राहते आणि बिअरला लोण्याचा वास मारतो. तिने थोडी मुद्दाम राखून ठेवलेली होती. सासूबाईंनी ती न पिता नुसती हुंगली आणि म्हणाल्या, “कढवलेल्या लोण्याचा वास. आणि त्या तिसरीत धणे आहेत, कालच जिन्यात कळलं.” ते खरे होते; तिसरी बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर होती, आणि तीत धणे व संत्र्याची साल घालतातच. जन्मात थेंब न घेतलेली बाई मंडळाच्या सर्व सभासदांना मागे टाकून पहिली आली.

मग आमच्या चौथ्या पत्रिकेवरची ओळ वाचली गेली. कोणी काही बोलेना. आम्ही सारे सांगितले: केशरी भात, कुप्या, अननस, सारे. सौभाग्यवती आमच्याकडे न पाहता पाव गोळा करू लागल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते रागाचे होते हे आम्हांस पुढे दोन दिवस नीट समजावून सांगण्यात आले. बँकवाले मात्र विलक्षण अवघडले होते. अखेर म्हणाले, “आता मीही सांगून टाकतो. माझं नाक सिगारेटीनं कधीच गेलंय, निदान अर्धं. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघून बोलायचो. तुम्ही हुंगून मान हलवलीत की काहीतरी चांगलं म्हणायचं, आणि तुम्ही त्यात विशेषणं घातलीत की तेच लिहायचं.” म्हणजे आम्ही त्यांच्यावर विसंबलो होतो आणि ते आमच्यावर! त्यांची पहिली पत्रिका उघडली. तीत 47 पैकी 36 होते. आम्ही दोघांनी शेजाऱ्यांकडे पाहिले. ते आपल्या सावकाश मराठीत म्हणाले, “मला वास येत होता. पण तुम्ही दोघे जाणकार. मला वाटलं माझंच काही चुकत असेल.”

तेव्हा चार वर्षे मंडळातला जो एकटा सभासद हुंगत होता, तो इतर दोघांच्या अज्ञानापुढे आपले ज्ञान खोडून गुण देत आला होता. आम्ही मास्तर म्हणून अनेक अन्याय केले असतील. पण इतका चिवट अन्याय दुसरा आठवत नाही. ती जुनी फाईल आम्ही रद्दीत घातली. आता पत्रिकेत प्रथम शेजाऱ्यांनी लिहावयाचे, मग इतरांनी, आणि आम्ही फक्त जिभेच्या चौकटी भरावयाच्या, असे ठरले आहे.

सहावी बिअर जर्मन पद्धतीची गव्हाची होती, हे सांगावयाचे राहिले. तीत कोणी लवंग घालीत नाही. तेथला विशिष्ट यीस्टच आंबविताना एक द्रव्य निर्माण करतो, आणि ते खऱ्या लवंगेतल्या युजेनॉलचे जवळचे आप्त. कन्येने नाव उघड केले तेव्हा आम्ही काही न बोलता आमची पत्रिका तिच्यापुढे सरकविली. तिने ती दोनदा वाचली आणि लाल शाईने त्या 1 भोवती वर्तुळ काढले.

सोमवारी सकाळी आम्ही चारही कुप्या न्हाणीघरातून आणून जेवणाच्या टेबलावर, सर्वांदेखत ठेवल्या. लवंगेची कुपी उघडून हुंगली. काही आले नाही. मंगळवारीही नाही. गुरुवारी क्षणभर आल्यासारखे वाटले. आम्ही तारीख मांडून ठेवली आणि पुढे प्रश्नचिन्ह केले. त्याच आठवड्यात गॅस गळला तर घंटा वाजविणारे एक यंत्र आणून ओट्याजवळ भिंतीला लावले. सासूबाईंनी ते तपासून पाहिले, चांगले आहे म्हणाल्या. तरी रात्री आम्ही स्वयंपाकघरातून बाहेर आलो की त्यांची एक फेरी होतेच. फरक एवढाच की आता आम्हीही त्यांच्यासोबत मागे फिरतो आणि बटणाला हात लावून पाहतो.